उभ्यानं दिलेलं ताट

पिस्कुरेनी, ६ मार्च

रफिलावन्संना झमफिराचा नमस्कार.

पत्र बसवाल्या मारिनच्या हाती पाठवतेय. तुम्हाला इटलीला फोन लावला असता, पण फोन आहे स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरात आहे माझी सून. मिराबेलानं ऐकलं की अख्खं गाव ऐकतं.

वन्सं, मला कॅन्सर झालाय. ही बातमी मला कुणी दिली नाही, मी चोरली. जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टर दाराआड आमच्या नेलूला म्हणाले, "यकृतापर्यंत गेलंय, आता कापण्यात अर्थ नाही." मग दार उघडून मला म्हणाले, "आजी, पोट जरा नाजूक झालंय, तळकट टाळा." येताना नेलू गाडी चालवत रडत होता. विचारलं तर म्हणे डोळ्यात धूळ गेली. गाडीच्या काचा बंद होत्या. माझा लेक पन्नाशीचा घोडा झाला, अजून खोटं बोलता येत नाही.

त्यात इस्पितळानं एक प्रोग्रॅम काढलाय. नाव 'माझी काळजी, माझ्या हाती'. क्रीना नावाची एक काडीसारखी पोरगी घरी आली. निळी पिशवी दिली. तिच्यात गोळ्यांची कप्प्याकप्प्यांची डबी, दाबायला रबरी चेंडू, एक रंगीत पुस्तिका आणि एक फोन, इस्पितळापुरताच चालणारा. म्हणाली, "आजी, आजपासून तुमच्या आजाराच्या मॅनेजर तुम्हीच!"

मी विचारलं, "कोणत्या आजाराची गं?"

तिनं नेलूकडे बघितलं, नेलूनं छताकडे, मिराबेलानं चुलीकडे. पुस्तिकेचं वरचं, आजाराच्या नावाचं पान नेलूनं फाटकातच फाडून ठेवलं होतं. म्हणजे मला मॅनेजर केलं, कशाची ते मात्र कुणी सांगेना. इस्पितळात डॉक्टर पुरत नाहीत म्हणून पेशंटलाच कामाला लावलं, एवढं मला समजलं.

आता मुद्द्याचं. मी माझ्या मरणाचं जेवण, माझी पोमाना, जिवंतपणीच घालणार. मेल्यावर जेवण घालणार मिराबेला, म्हणजे कोबीच्या पानांत वळायचे सारमालेही बाजारातून येणार. आपण इकडे देऊ तेच तिकडे आपल्याला मिळतं. मी अनंतकाळ बाजारातले सारमाले चिवडत बसू? तेव्हा ३ जूनला, पितरांच्या शनिवारी, मी गावाला जेवू घालणार. ताट, वाडगा, मेणबत्ती, सगळं प्रत्येकाला माझ्या हातानं, उभ्यानं. बसून दिलेलं तिकडे पोचत नाही, हे मला तुमच्या आईनंच शिकवलंय, आणि ती बाई असल्या बाबतीत कधी चुकली नाही. मला एवढंच हवंय वन्सं. शेवटचं ताट देईस्तोवर पाय टिकायला हवेत.

तुम्ही या. सासूबाईंचा तांब्याचा हंडाही दान करणार आहे.

झमफिरा

*

बेर्गामो, १८ मार्च

प्रिय वहिनी,

तुझ्या पित्ताचं ऐकून वाईट वाटलं. पित्तावर बडीशेप चांगली. मी ज्याला सांभाळते त्या सिन्योर एत्तोरेला रोज देते. नव्वदीचा आहे, मांजरासारखा लाडावलेला, पण पोट साफ.

नेलू घाबरट आहे, त्याच्या रडण्यावर जाऊ नकोस. लहानपणी कोंबडी कापली तरी रडायचा.

तुझ्या प्रोग्रॅमचं मला कौतुक वाटतं. इथे इटलीत असंच असतं, सगळं फोनवर. रबरी चेंडू दाबत जा.

पोमानाची घाई कशाला? पित्तानं कोणी मरत नाही. घालणारच असशील तर जमलं तर येते. सिन्योरची लेक मिलानमध्ये असते. बापाला बघायला ये म्हटलं की तिला हटकून सर्दी होते.

आणि हंडा दान करणारी तू कोण? आईनं तो माझ्या नावानं ठेवला होता. चाळीस वर्षं तू त्यात टोमॅटो शिजवलेस, मी गप्प राहिले. आता माझाच हंडा मला दान देऊन तिकडे तो तू घेणार? म्हणजे मेल्यावरही तुझ्याच दारात हंडा मागत उभी राहू?

रफिला

*

पिस्कुरेनी, २ एप्रिल

वन्सं,

तुमचं 'पित्त' वाचलं. नेलूनं तुम्हाला फोन केला होता ना? 'आत्या, आईला कळू देऊ नकोस' म्हणून? मी शाळेत चारच यत्ता शिकले, पण तुमच्या अक्षरातली थरथर मला वाचता येते. बडीशेप सिन्योरला घाला.

माझं काही खरं नाही. उजव्या बाजूला बरगडीखाली कोणी खुरपं रुतवून फिरवावं तसं होतं. दुपारी उशीत तोंड खुपसून उशी चावते, मिराबेलाला ऐकू जाऊ नये म्हणून. मक्याचा घाटा ढवळायला उभी राहते आणि घाटा आळायच्या आत टेबल धरते. एक घाटा उभ्यानं होईना, गावाला ताटं काय देणार?

बरं, प्रोग्रॅमची गंमत ऐका. रोज संध्याकाळी फोन वाजतो. आत एक बाई बोलते, गोड, पण माणूस नाही. म्हणते, "शून्य ते दहा, आजचा आकडा दाबा." क्रीनानं पहिल्या दिवशी भराभरा काहीतरी समजावलं होतं, पण त्यात समजावण्यासारखं काय आहे? शाळेत गेलेल्या कुणालाही कळेल. दहा म्हणजे उत्तम, पाचाखाली नापास. दिवसाला गुण द्यायचे. आपले मास्तर आठवतात? दहा कुणाला दिलेले गावानं कधी पाहिले नाहीत. मलाही चारच्या वर कधी पडले नाहीत, म्हणून मी सांभाळून देते. गेला आठवडा भयंकर गेला. मी दोन दिले, दोन दिले, एकदा एक दिला.

तर ती बाई म्हणते, "अभिनंदन! तुमची प्रगती उत्तम आहे!"

मला वाटलं टोमणा मारतेय. मी पण म्हटलं, "तुझ्या आईची प्रगती." तिनं मनावर घेतलं नाही.

पुढे तर कमालच. गोळ्या कमी केल्या. क्रीना फोटोवाला घेऊन आली. "आजी, तुम्ही आमच्या प्रोग्रॅमची तारका आहात!" हातात रबरी चेंडू देऊन माझा फोटो काढला, इस्पितळाच्या भिंतीवर लावायला. मी म्हटलं, "पोरी, मला दुखतं." ती म्हणाली, "थोडं दुखणारच आजी, पण बघा ना तुमचे आकडे किती सुंदर आहेत!"

नापास झालेल्याचं असं कौतुक मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. आपल्या वेळी अशी शाळा असती तर मी मास्तरीण झाले असते.

हंड्याचं नंतर भांडू.

झमफिरा

*

बेर्गामो, १० एप्रिल

वहिनी,

ईस्टर तोंडावर आलाय म्हणून दोनच ओळी.

मला वाटतं चूक तुझी आहे. तू लहानपणापासून कंजूष. मीठसुद्धा चिमटीनं घालतेस. दिवसालाही तसेच चिमटीनं गुण देत असशील. त्या फोनमधल्या बाईला वाटत असेल की ही म्हातारी कुरकुरी आहे, हिला जरा चढवू. म्हणून अभिनंदन. इथे सिन्योरच्या टीव्हीवर असंच करतात, हरलेल्याला जास्त टाळ्या.

एखादा दिवस बरा गेला तर हात आखडू नकोस. मोकळ्या मनानं दहा दे. बघ कसे तुझ्याकडे नीट लक्ष देतात.

ख्रिस्त उठला, वहिनी.

रफिला

*

जिल्ह्याचं इस्पितळ, १९ एप्रिल

वन्सं,

खरोखरच उठला. तुमच्या सल्ल्यानं त्याच्या पाठोपाठ मलाही उठवलं.

हे पत्र मी खाटेवरून लिहितेय. ईस्टरचा दिवस असा गेला, की असा दिवस मला किती दिवसांत मिळाला नव्हता. सकाळपासून खुरपं झोपलेलं. अंगणात ऊन. लाल अंड्यांच्या टकरीत मी नेलूचं अंडं फोडलं, मिराबेलाचं फोडलं, शेजारच्या निकुलाईचंही फोडलं. कोकराचा एक तुकडा खाल्ला आणि तो पोटात राहिला. मिराबेलाशी भांडण झालं नाही. संध्याकाळी फोन वाजला. म्हटलं, रफिला म्हणते तर होऊन जाऊ दे. दाबले दहा.

बाईनं अभिनंदन केलं नाही. गप्पच झाली. मला वाटलं, भरून आलं बिचारीला.

आम्ही पावाचा दुसरा तुकडा कापतोय तोवर फाटकाशी भोंगा. निळा दिवा. दोन दांडगे स्ट्रेचर घेऊन अंगणात.

"दहावाली म्हातारी कोण?"

"मी. पण नऊ लिहा हवं तर, कोकराला मीठ कमी होतं."

त्यांनी काही लिहिलं नाही. मला उचललं. मी हातातला पाव सोडला नाही आणि त्यांनी मला सोडलं नाही. मिराबेला मागून ओरडत होती, "अहो, त्यांना काही झालं नाहीये, त्या आज पहिल्यांदाच हसल्यात!" तो दांडगा म्हणाला, "बाई, शेवटी शेवटी हसतात माणसं."

इस्पितळात एक तरुण डॉक्टर धावत आला.

"आजी, कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही. सणाचा दिवस आहे."

"मग दहा का दाबलंत?"

"खूश होते म्हणून."

तो खाली बसला. जमिनीवर नाही, खुर्चीवर, पण बसला. "आजी, दहा म्हणजे सगळ्यात जास्त दुखणं. शून्य म्हणजे काहीच नाही."

"शून्य म्हणजे चांगलं? कोणत्या शाळेत?"

"आणि ते दोन, दोन, एक..."

"ते रडत होते तेव्हाचे."

शेजारच्या खाटेवर तुदोसिया नावाची बाई होती, पलीकडच्या खोऱ्यातली. ती उठून बसली. "म्हणजे? दहा चांगला नाही होय? मी महिनाभर कण्हत कण्हत तीन देतेय!" कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला, "मी चार देत होतो. पाच द्यायची हिंमत झाली नाही, पास केल्यासारखं वाटलं असतं."

वन्सं, वॉर्डभर हाच प्रकार. सगळ्या जिल्ह्यातले म्हातारे दिवसाला नापास करत होते आणि इस्पितळ त्यांना पेढे वाटल्यासारखं अभिनंदन वाटत होतं. वर पाठवलेल्या अहवालात म्हणे आमचा जिल्हा पहिला आलाय. इतकं कमी दुखणारे कॅन्सरवाले देशात दुसरीकडे नाहीत. मोठे साहेब येऊन म्हणाले, "हे तूर्त या खोलीबाहेर जाऊ देऊ नका, मे महिन्यात परिषद आहे." क्रीना मात्र माझ्या उशाशी उभी राहून रडली. मी तिला ईस्टरच्या पावातला अर्धा दिला.

आता डॉक्टर म्हणतो मॉर्फिन घ्या. मी नाही म्हटलंय. तुमच्या भावाला ते टोचलं आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या उशाशी मरणाची मेणबत्ती लावली. मला ३ जूनपर्यंत जगायचंय. ते औषध शेवटच्या दिवसाचं.

झमफिरा

*

बेर्गामो, २८ एप्रिल

वहिनी,

दहाचा सल्ला माझा होता. बरं झालं दिला, नाहीतर उशी चावत बसली असतीस.

आता नीट ऐक, आणि मला मध्ये तोडू नकोस, पत्रात तुला तोडता येत नाही हे एक बरं आहे. तुला कॅन्सर आहे. घे, लिहिला शब्द. नेलूला काय सांगायचं ते मी बघते.

ग्लिगोरदादा सुईनं गेला नाही. सुई उशिरा आली. तो आधीच चालला होता, सुईनं फक्त त्याच्या किंकाळ्या थांबवल्या. तू आणि मी दारात उभ्या होतो, आठवतं? त्या दिवशी पहिल्यांदा आपण दोघी त्याला सोडून बाहेर पाणी प्यायला जाऊ शकलो.

सिन्योर एत्तोरेलाही तुझाच रोग आहे, प्रोस्टेटपासून हाडात गेलेला. तुला सांगितलं नाही, कारण मी 'पित्त' लिहीत होते. तो गेलं वर्षभर रोज सकाळी मॉर्फिनची गोळी घेतो, मग दाढी करतो, मग माझ्याशी पत्ते खेळतो आणि चोरतो. शेवटच्या दिवसाचं औषध म्हणे! त्याचे शेवटचे दिवस मोजत माझे केस पांढरे झाले.

गोळ्या न घेता तू पवित्र राहशील, पण आडवी. आडवीनं ताटं कशी देणार? हवेत?

माझं येणं कठीण दिसतंय. सिन्योरच्या लेकीला जूनसाठी आधीच सर्दी झालीय.

रफिला

*

पिस्कुरेनी, १४ मे

वन्सं,

घेतली गोळी. पहिली घेतल्यावर मी मेणबत्ती हाताशी ठेवून पडले. झोपले. उठले तर संध्याकाळ आणि भूक. मिराबेला दारातून डोकावून म्हणाली, "आई, आहात का?" म्हटलं, "आहे. सूप आण, आणि मीठ घालून."

क्रीना गेल्या आठवड्यात आली. या वेळी पिशवी नाही, पुस्तिका नाही, फोटोवाला नाही. चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "आजी, मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. तुम्हाला काय करायचंय?"

म्हटलं, "माझ्या मरणाचं जेवण घालायचंय. उभ्यानं."

पोरीनं ते तसंच इस्पितळात कळवलं. दुसऱ्या दिवशी इस्पितळानं मनाचा डॉक्टर पाठवला, कारण त्यांच्या नियमात असं बोललं की तो पाठवावाच लागतो. दाढीवाला, हळू आवाजाचा. "आजी, असे विचार कधीपासून येतात?" म्हटलं, "सासूनं शिकवल्यापासून." त्याला चव बघायला वाडगाभर सारमाले दिले. तीन वाडगे खाल्ले. जाताना कृती विचारून गेला आणि म्हणे कागदावर लिहिलं, 'रुग्णाची मनःस्थिती स्थिर.' स्थिर त्याचं पोट झालं होतं.

मग क्रीना आणि मी कामाला लागलो. गोळी चर्चच्या आधी किती वेळ घ्यायची म्हणजे ताटं देताना झोप येणार नाही, ते तीन दिवस उभं राहून पाहिलं. मधे दुखलं तर घ्यायचं थेंबांचं औषध एप्रनच्या खिशात. पोट साफ होत नाही या गोळ्यांनी, त्यावर सुकवलेले आलुबुखार, हे तिनं सांगितलं आणि झाड माझ्या दारातच आहे. कुठल्या दुखण्याला घरी निभवायचं आणि कुठल्याला फोन करायचा, तेही ठरलं. पहिल्यांदाच वाटलं की मी कशाची तरी मॅनेजर आहे.

नेलूला समोर बसवून म्हटलं, "बोल, मला काय झालंय." त्यानं सांगितलं. रडला. काचा उघड्या होत्या, तरी धुळीचं नाव काढलं नाही.

परिषद झाली म्हणे. जिल्ह्याला पहिलं बक्षीस मिळालं. माझा चेंडूवाला फोटो मंचावर मोठा करून लावला होता.

तुम्ही याच. झमफिरा

*

पिस्कुरेनी, ५ जून

वन्सं,

झाली पोमाना.

सकाळी गोळी घेतली, चर्च झालं, अंगणात लांब टेबलं लावली. पाद्रीबाबांनी धूप फिरवला आणि घसा साफ करून म्हणाले, "ज्या आत्म्यासाठी आपण इथे..." आणि माझ्याकडे बघून अडकले. म्हटलं, "चालू द्या बाबा, आत्मा ऐकतोय."

एकेक ताट उचललं. वर मेणबत्ती, वाडग्यात सारमाले, बाजूला चेरी. "हे तुझं इथे, माझं तिकडे." समोरचा म्हणायचा, "देव क्षमा करो." निकुलाईला दिलं. तुदोसियाला दिलं, ती काठी टेकत आली होती. म्हणाली, "झमफिरे, आजच्या दिवसाला किती?" म्हटलं, "कोणत्या शाळेचे?" दोघी इतक्या हसलो की पाद्रीबाबांनी धूप दुसरीकडे नेला. मध्यावर खुरपं जागं झालं. खिशातले थेंब घेतले, खांब धरला, नेलू खुर्ची घेऊन धावला. त्याला डोळ्यांनीच मागे पाठवला. मिराबेलाला ताट दिलं तेव्हा ती हमसून रडली. सारमाले तिनंच वळले होते, माझ्या हाताखाली. बरे होते. तिला सांगितलं नाही.

क्रीना निळी पिशवी परत न्यायला आली होती. प्रोग्रॅम नव्या जिल्ह्यात जातोय, बक्षीस मिळाल्यामुळे. तिला ताट हातानं दिलं. फोन नाही दिला. हातानं दिला असता तर तिकडे मिळाला असता, आणि मी अनंतकाळ रोज संध्याकाळी आकडे दाबत बसले असते. म्हटलं, "टेबलावर आहे पोरी, तुझा तू उचल." तिनं उचलला, आणि एका कागदावर आपला स्वतःचा नंबर लिहून ठेवून गेली. म्हणाली, "याला आकडे नकोत आजी, नुसतं 'दुखतंय' म्हणा."

शेवटचं ताट तुमचं. हंड्यात ठेवलंय, हंडा घासून लख्ख केलाय. मिराबेला हात पुढे करून म्हणाली, "आत्याबाईंचं माझ्याकडे द्या, पोचवते." दिलं नाही. ज्याचं त्यालाच द्यायचं असतं, उभ्यानं. म्हणजे माझी पोमाना अजून पुरी झालेली नाही.

पाय सुजलेत वन्सं. क्रीना म्हणते आता असं होणार. खांब धरून रोज थोडी उभी राहते, सवय मोडू नये म्हणून. फार ताटकळत ठेवू नका.

झमफिरा

*

बेर्गामो, १० जून

वहिनी,

मारिनची ही बस भरलीय, म्हणून पत्र पुढे पाठवते. पुढच्या बसनं मी येतेय. मिलानला फोन करून सांगितलं, "सर्दी झाली असेल तर रुमाल घेऊन ये, पण ये." सिन्योर एत्तोरेनं पत्त्यांचा जोड माझ्या बॅगेत टाकलाय. म्हणतो, 'तुझ्या त्या वहिनीला चोरायला शिकव.'

हंडा घेईन. तिकडे तुझा असू दे, टोमॅटो शिजव.

पण तोवर उभी राहू नकोस. खांब सोड आणि खाटेवर पड. मी आले की बसूनच दे ताट. तिकडे आईशी गाठ तुझीच आधी पडेल. रागावली तर सांग, रफिलानं बसवलं.

रफिला